पडवीतलं पार्लर

रंजू, काल तुझ्या दादानं विचारलं, पडवी रिकामी करू का. भात झोडून झालंय, पोती ठेवायला जागा लागणार. मी चुलीपाशी होते. हो म्हणायला तोंड उघडेना आणि नाही म्हणायला कारण सापडेना. तो दारातूनच वैरण आणायला निघून गेला.

तू गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो. बिचारीचं काहीच झालं नाही. लग्न झालं नाही, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. आत्याबाई लेकीसाठी पदर तोंडाला लावून मान हलवतात. मी चहा देते आणि कपबशा उचलते. खरं तर मला प्रत्येकाला सांगायचं असतं, की माझ्या नणंदेनं धंदा काढला होता. हातात एक रुपया नसताना काढला होता. पण तो चालला नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. मग सांगून काय करायचं?

तुला भोर आठवतं का? माझ्या भावाच्या लग्नाला मी तुला माहेरी घेऊन गेले होते. बाजारपेठेत आयब्रो करायला एका पार्लरात शिरले आणि तुला बाकावर बसवलं. माझं झालं तरी तू उठेनास. म्हणालीस, वैनी, अजून एक बगू दे. मग आणखी एक. ती बाई दातात दोरा धरून मान मागंपुढं करत होती आणि तुझी मानही तिच्याबरोबर हलत होती. मला घरी हळदीची घाई होती, म्हणून मी तुला तिथंच सोडून गेले. ऊन उतरल्यावर तू आलीस. परतीच्या एसटीत बघते तर तू ओढणीच्या काठाचा दोरा उसवून बोटांत गुंडाळत होतीस, सोडवत होतीस, पुन्हा गुंडाळत होतीस. आपलं गाव मार्गासनीच्या आत, फाट्यावर उतरून चालत जायचं. त्या सगळ्या वाटेवर तुझी बोटं चालूच होती.

पुढचे कितीतरी दिवस तू स्वतःच्या पायांवर दोरा चालवलास. पडवीत बसायचं, सलवार गुडघ्यापर्यंत वर घ्यायची आणि नडगीवरचे केस उपटायचे. पाय लालभडक व्हायचा. आत्याबाईंनी बघितलं तर म्हणाल्या, पोरीला याड लागलं. तुझ्या दादानं मोबाईल दुपारचा घरी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे तुला त्यावर बघून शिकता यावं. हे त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही. नुसता विसरल्यासारखा कोनाड्यात ठेवून जायचा.

मग पाय झाले आणि तुला खरा चेहरा हवा झाला. घरात एकच होता. माझी डावी भुवई तू अशी वर चढवलीस, की महिनाभर मी सगळ्या जगाकडे आश्चर्यानं बघत होते. तुझा दादा जेवताना मधेच विचारायचा, काय झालं? मी म्हणायची, काही नाही. तो पुन्हा विचारायचा. तू भिंतीकडे तोंड करून हसायचीस. दुसऱ्या खेपेला दोन्ही सारख्या आल्या. तिसऱ्या खेपेला मी आरशात बघितलं आणि मला मी आवडले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या घरात आरशापुढं उभं राहून मला स्वतःला बघावंसं वाटलं नव्हतं. चांगलं झालंय, एवढं म्हणाले आणि भांडी घासायला गेले.

पार्लर काढायचं तू बोललीस तेव्हा तुझ्या दादानं बचत गटातून कर्ज उचलू म्हणून सांगितलं. तू नको म्हणालीस. आधी हात चालू दे, मग बगू. मग जे घरात होतं त्यातूनच तू उभं केलंस. मोडक्या कपाटाच्या दाराचा आरसा काढून खिळ्याला टांगला. प्लास्टिकची खुर्ची तांदळाच्या थप्पीला टेकवून अशी मांडली, की बसणारीनं मान मागं टाकली की डोकं इंद्रायणीच्या पोत्यावर यावं. त्यावर माझी जुनी उशी. साखर आणि लिंबू चुलीवर आटवून वॅक्स, बांधावरच्या झाडाची मेंदी, हळद-बेसन तर होतंच. दोऱ्याचं रीळ माझ्या शिवणाच्या डब्यातलं. पत्र्याच्या तुकड्यावर तू निळ्या रंगानं नाव लिहिलंस, ‘रंजना ब्युटी पार्लर’. ब्युटीतल्या ‘ट’ला दिलेली वेलांटी रंग ओघळून खाली आली होती. मी म्हटलं, पुन्हा लिही. तू म्हणालीस, राहू दे, बायका काय वेलांटी बघायला येणार हायेत का?

पण त्या काय बघायला येणार होत्या, ते तुला आणि मला दोघींना ठाऊक होतं.

शाळेत असताना तुझ्या बोटांच्या टोकांवर पांढरे डाग उठले होते. मग ओठांच्या कडेला, मग पापण्यांवर. मी लग्न होऊन आले तोवर दोन्ही हातांवर मनगटापर्यंत कोड पसरलं होतं. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांनी गावातल्या चार माणसांसमोर सांगितलेलं. माणसं हो म्हणाली होती. आणि हो म्हणूनही तुझ्या हातचं पाणी घेताना तांब्या खाली ठेव म्हणायची. तुला बघायला आलेले पाहुणे पोहे न खाता उठायचे. तुला याचं काही वाटत नाही, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं, इतकी तू सरळ वागायचीस.

आपलं भांडण यावरूनच झालं. ते मिटलं नाही आणि आता मिटायचं नाही. मी भोरहून कातडीच्या रंगाची क्रीम आणली, पातळ हातमोजे आणले, आणि तुला लांब बाह्यांचे ड्रेस शिवून देते म्हटलं. तू ती ट्यूब हातात घेऊन उलटसुलट बघितलीस.

“वैनी, हात धुतला की उतरंल ह्ये. मंग बाई वरडत उठंल खुर्चीतनं.”

“आधी चारजणी येऊ देत. त्यांना तुझ्या हाताची सवय होऊ दे. मग दाखव.”

“मला सवय व्हायला एवढी वर्सं लागली. त्यास्नी चार दिसात हुईल व्हय?”

मी चिडले. धंदा करायचा तर गिऱ्हाईक सांभाळावं लागतं, म्हणाले. तू म्हणालीस, मोजे घालून दोरा धरता येत न्हाई. ते खरंच होतं, पण तू ते निमित्त म्हणून सांगितलंस. आपण नंतर दोन दिवस बोललो नाही. रंजू, तू गेलीस म्हणून मी आता तुझ्या बाजूनं बोलणार नाही. मला अजूनही वाटतं, माझं बरोबर होतं. तू थोडं झाकलं असतंस तर पडवी चालली असती. आणि तू असतीस तर आत्ता म्हणाली असतीस, ती पडवी मग तुमची चालली असती, माजी न्हाई. इथवर येऊन आपण दरवेळी थांबायचो.

पहिल्या महिन्यात बायका आल्या, नाही असं नाही. शेजारच्या दोघीतिघी आल्या. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. तुला वाटलं दोरा लागतो म्हणून. मग त्यातली एक घरी जाऊन साबणानं तोंड धुताना आत्याबाईंना दिसली. आत्याबाईंनी ते तुला सांगितलं नाही, मला सांगितलं. मीही तुला सांगितलं नाही. तुला कळलंच असणार.

आणि मग वरच्या वस्तीवरचं ते लग्न आलं. डोंगरावर जी धनगरांची घरं आहेत, शेळ्या-म्हशीवाली, तिथला एक बाप फाट्यावरच्या दुकानात आला होता. त्याला कुणीतरी तुझ्या पाटीबद्दल सांगितलं. त्याच्या लेकीला नवरीसारखं नटवायचं होतं आणि वर चढून यायला कुणी तयार नव्हतं. तू निघालीस आणि मी तुझ्यासोबत. पिशवीत आरसा गोधडीत गुंडाळून घेतला होता. चढण इतकी उभी की मी सारखी बसत होते आणि तू पुढं जाऊन माझी वाट बघत होतीस.

नवरीची आई शेणानं अंगण सारवत होती. तिनं तुझे हात बघितले. ती उठली, हात धुतले आणि अगदी सहज म्हणाली, “आमच्या कपिलीच्या तोंडावं बी असंच पांढरं हाये. लई गुणाची म्हस. या, आत या.”

तू त्या पोरीचा चेहरा मांडीवर घेऊन बसलीस. दाराशी वस्तीभरच्या बाया आणि पोरं गोळा झाली. तू तिच्या भुवया केल्यास, अंबाडा घातलास, नऊवारी चापूनचोपून नेसवलीस. मग तिची आजी म्हणाली, माजी बी कर. तिच्या भुवयांत चार केस होते. तू ते चार केस इतकं मन लावून नीट केलेस, की म्हातारी आरसा सोडेना. निघताना त्यांनी तुझ्या हातात एक करडू दिलं. खाली येईपर्यंत तू त्याला उराशी धरून हसत होतीस. वैनी, कपिली म्हस म्हणं मला. मधेच थांबायचीस, पुन्हा म्हणायचीस, लई गुणाची. तुला इतकं हसताना मी आधीही बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या दिवसाबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. तुला सोबत म्हणून मी चढले होते, पण जन्मभर पुरेल असं काही मिळालं ते मला.

त्या डोंगरावरच्या दिवसानं तुला धीर आला, म्हणून तू शीतलच्या लग्नाला हो म्हणालीस. शीतल आपल्याच आळीतली. तिनं स्वतः येऊन सांगितलं होतं, रंजूताई, मला तुमीच तयार करायचं. वैशाखातलं लग्न, मांडवात उकाडा. तू सकाळपासून तिच्या खोलीत होतीस. मी अक्षता वाटायला गेले होते आणि परत आले तेव्हा पोरगी इतकी देखणी दिसत होती, की मी दारातच थबकले.

तेवढ्यात शीतलची मावशी आली. ती त्याच दिवशी बाहेरगावाहून आलेली. तिनं नवरीकडं बघितलं आणि म्हणाली, छान झालंय, कुणी केलं? मग तिची नजर तुझ्या बोटांवर गेली. तिनं शीतलच्या दंडाला धरलं, मोरीपाशी नेलं आणि तांब्यातलं पाणी तिच्या तोंडावर ओतलं. काजळ, पावडर, सगळं गालांवरून खाली आलं. शीतल रडत होती, पण तोंड धूत होती. ओल्या चेहऱ्यावर मग दुसऱ्या कुणीतरी घाईघाईनं पावडर थापली. दारात बायका उभ्या होत्या. त्यातली एकसुद्धा म्हणाली नाही, की हे काय करतेस.

तू कंगवा पुसलास. पिना मोजल्याशिवाय पिशवीत टाकल्यास. मी तुझा हात धरून म्हटलं, चल घरी.

“जेवून जाऊ वैनी. उपाशी गेलं तर म्हंतील, राग आला.”

पंगतीत मी तुझ्या एका बाजूला बसले. दुसऱ्या बाजूचं पान शेवटपर्यंत रिकामं राहिलं. वाढपी तिथं भात वाढायला वाकला आणि माणूस नाही बघून पुढं गेला. तू बुंदी पुन्हा मागून घेतलीस आणि पानात काही टाकलं नाहीस. इतक्या ताठ मानेनं जेवणारं माणूस मी बघितलेलं नाही, आणि देवानं पुन्हा दाखवू नये.

त्यानंतर पडवीत कुणी आलं नाही. पाटी तू काढली नाहीस. दुपारी आरसा पुसायचीस आणि खुर्चीत स्वतःच बसायचीस, पोत्याला डोकं टेकून. वाटीतलं वॅक्स दगडासारखं झालं, ते फोडून आपण चहात टाकलं. मी म्हटलं, पुण्याला जा, तिथं कोण कुणाला ओळखतं? एखाद्या खोलीत सुरू कर. तू म्हणालीस, खोलीला भाडं लागतं, घराला लागत न्हाई, म्हणून तर घरात काढलं. आषाढात तू भाताच्या लावणीला गेलीस. चिखलात सगळ्यांचे हात सारखेच दिसतात, असं एकदा संध्याकाळी पाय धुताना बोललीस. तक्रारीच्या सुरात नाही. पाऊस थांबलाय, असं सांगावं तसं.

भादव्यात ताप आला. विंझरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरेना, तेव्हा माझ्या भावानं टेम्पो आणला आणि आपण तुला भोरला दवाखान्यात घातलं. तिथली सिस्टर आठवते ना? लहानखुरी होती, केस घट्ट बांधलेली. सलाईन लावायला तिनं तुझा हात घेतला आणि मी सवयीनं सांगायला लागले, की ते कोड आहे, लागत नाही. तिनं माझ्याकडं लक्षसुद्धा दिलं नाही. मनगटावरच्या पांढऱ्या डागावर टिचकी मारली आणि म्हणाली, “इथं शीर किती छान दिसतेय. तुमच्या हातावर शोधावं लागत नाही.” आणि सुई त्या पांढऱ्यातच घातली. तू तापात होतीस, तरी डोळे उघडून तिच्याकडं बघितलंस.

दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, तुमच्या आयब्रो कुणी केल्या? मी खाटेकडं बोट दाखवलं. तिला खरं वाटेना. तू तिला जवळ बोलावलंस आणि तिचा चेहरा अगदी गिऱ्हाइकासारखा न्याहाळलास.

“लई बारीक केल्यात कुणीतरी. वाढू द्या. तवर कुणाला हात लावू द्यू नका. मी बरी झाले की करते.”

ती हसून म्हणाली, बरं, थांबते मी.

त्या दिवशी तू निम्मी भाकरी खाल्लीस. मला म्हणालीस, वैनी, भोरमधी जागा बगायची का एखादी, तुमच्या आईच्या घराच्या ओट्यावं चालंल. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांनी पुण्याला हलवायला सांगितलं. पुढचं तुला माहीत नाही, आणि मला ते सांगायचं नाही.

तुला आणलं तेव्हा आपल्या अंगणात आळीतल्या सगळ्या बायका होत्या. पाणी तापवलं होतं. तुला अंघोळ घालायला मी आणि आत्याबाई होतो. बाकीच्या बादल्या आणून देत होत्या, पण हातात देत नव्हत्या, जमिनीवर ठेवून मागं सरत होत्या. मी वाकायचे आणि उचलायचे. मला ओरडायचं होतं. पण आत्याबाईंना यातलं काही दिसतच नव्हतं. त्या तुझी बोटं एकेक करून पुसत होत्या. म्हणाल्या, “वल्लं नको ठिवूस ग, गार पडंल ती.” मग मीही त्यांच्यासारखं फक्त तुझ्याकडंच बघितलं.

मी एकदा प्रयत्न केला, रंजू. तेरावा झाल्यावर दुपारी खुर्चीत बसून पायावर दोरा चालवून बघितला. तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. तुझ्यामागं हे मी चालवीन, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मला ती कला नाही, आणि असती तरी इथं कोण येणार होतं? तुझ्या हातांमुळं ज्या आल्या नाहीत, त्या तू गेल्यावर तुझ्या खुर्चीतही बसणार नाहीत. आज सकाळी मी तुझ्या दादाला सांगितलं, पडवी रिकामी कर. तो बराच वेळ आत आलाच नाही. मग पाटी काढल्याचा आवाज आला.

दुपारी मी भोरला गेले. आईला ताप होता, म्हणून. परत निघताना स्टँडवर एसटीची वाट बघत होते, तर समोरून ती सिस्टर आली. साध्या कपड्यांत होती, हातात भाजीची पिशवी. मी तिला ओळखलं ते तिच्या भुवयांवरून. दाट झाल्या होत्या. खालच्या बाजूला केस वेडेवाकडे वाढले होते, मधेही उगवले होते. कुणालाही हात लावू दिला नव्हता. तिनं मला बघितलं आणि गर्दीतून लगबगीनं माझ्याकडं आली.

“कशा आहेत त्या? बऱ्या झाल्या का?”

मला सांगावं लागलं. तिनं पिशवी खाली ठेवली. तिचा हात आपोआप भुवईकडं गेला आणि तिथंच राहिला.

“मी थांबले होते,” ती म्हणाली.

वेल्ह्याची गाडी लागली, माणसं चढायला लागली, मीही चढले. खिडकीतून बघितलं तर ती अजून तिथंच उभी होती. नसरापूर गेलं, मार्गासनी आलं, मी फाट्यावर उतरले. घरी आले तर पडवीत पोती रचून झाली होती. तुझ्यासाठी एक बाई थांबली होती, रंजू. ती भेटली, हे सांगायला मी आत गेले, आणि घरात सांगावं असं कुणी नव्हतं.